पूषादेवाचा चरू



चातुर्मासाच्या आरंभी या पत्रिकेत आमचे तीर्थरूप दरवर्षी चार शब्द लिहितात. यंदा ते काम त्यांनी आमच्यावर सोपविले. आमचे वय लहान. वडीलधाऱ्यांस उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून उपदेशाच्या वाटेस न जाता, आमच्याच घरात घडलेली एक चूक पुराणातील एका कथेच्या उजेडात येथे मांडीत आहोत. चूक सांगण्यास तीर्थरूपांची अनुमती घेतली आहे. किंबहुना ती सांगावी असा त्यांचाच आग्रह आहे.

सूर्यनमस्कार घालताना आपण जी बारा नावे घेतो, त्यांत सहावे नाव पूषादेवाचे. नावातच पोषण आहे. गुरांना वाट दाखविणारा, हरवलेले शोधून देणारा, जिवांचे भरणपोषण करणारा तो हा देव. आता गंमत अशी की, जगाचे पोषण करणाऱ्या या देवाच्या तोंडात एकही दात नाही.

भागवताच्या चौथ्या स्कंधात दक्षयज्ञाची कथा आहे. भरसभेत दक्षाने शंकराची निंदा केली, तेव्हा पूषा दात दाखवून हसला होता. पुढे सतीने देह ठेवला, शिवगण यज्ञमंडपावर चालून आले आणि त्यांनी पूषाचे दात पाडले. कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिचा शेवट ऐकताना आपले लक्ष बोकडाचे शिर बसविलेल्या दक्षाकडे असते, आणि पूषाचे काय झाले हे कानावरून निघून जाते. ब्रह्मदेवाने विनविल्यावर शंकर शांत झाले. त्यांनी प्रत्येकाची व्यवस्था लावून दिली, तीत पूषाचीही लावली. त्याने यजमानाच्या दातांनी चावावे आणि पीठ केलेले अन्न सेवन करावे, अशी ती व्यवस्था. शतपथ ब्राह्मणात दात जाण्याचे कारण निराळे दिले आहे, पण विधी तोच: पूषासाठी चरू करायचा तो दळलेल्या धान्याचा, दात नसलेल्यासाठी करावा तसा. ऋग्वेदात तर त्याला करंभ खाणारा म्हटले आहे. करंभ म्हणजे पीठ दह्यात कालवून केलेले अन्न. आपल्या बेळगावकडील नाचणीची आंबील डोळ्यांपुढे आणावी, म्हणजे कल्पना येईल.

यज्ञात ज्याचे दात गेले, त्याचा वाटा गेला नाही. दात नाहीत, आता याला हवि कशाला, असे कोणी म्हटले नाही. दळण्याचे कष्ट यजमानाने घेतले, म्हणजे आपले दात त्याने देवाला उसने दिले.

ही कथा आमच्या घरात दर चातुर्मासात वाचली जाते. ती वाचली जात असताना आमची आजी भिंतीस टेकून ऐकत बसे, आणि त्याच काळात ती आमच्या डोळ्यांदेखत उपाशी राहत होती.

हा शब्द कठोर वाटेल. घरात अन्नाची वाण नव्हती. सून प्रेमळ, नातवंडे भोवती. परंतु आजीने प्रथम भाकरी सोडली, मग उसळ, मग शेंगदाण्याची चटणी. पुढे सकाळी चहात बुडविलेले दोन टोस्ट, दुपारी ताकभात, संध्याकाळी पुन्हा चहा-टोस्ट, रात्री भाताची पेज. विचारले तर म्हणे, ‘‘मला आता काय लागते? दोन घास पुरेत.’’ आम्ही त्यास वैराग्य समजलो. तीर्थरूपांनी तर एकदा पुराण सांगताना, नाव न घेता, जिव्हा जिंकलेल्या वृद्धेचा दाखला म्हणून तिचाच उल्लेख केला होता. प्रसादाचे फुटाणे आणि खोबऱ्याचा तुकडा ती कपाळास लावून पदराच्या टोकाला बांधी व घरी येऊन नातवंडांस वाटी. त्याचेही आम्हांस कौतुकच होते.

मार्गशीर्षात, 2023 साली, पहाटे न्हाणीत तिचा तोल गेला. पडणे तसे मोठे नव्हते, परंतु खुब्याचे हाड मोडले. रुग्णालयात वजन केले ते 38 किलो भरले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळचा, 2021 सालचा कागद घरी होता. त्यावर 47 लिहिलेले. दोन वर्षांत देहाचा जवळजवळ पाचवा हिस्सा गेला, आणि रोज तिच्या पाया पडणाऱ्या आमच्या लक्षात आले नाही. तेथील डॉक्टरीणबाईंनी हाडाआधी तोंड उघडावयास सांगितले. खालच्या दोन दाढांची मुळे कुजून पू धरलेला, हिरडीवर जखम. कवळी कुठे आहे असे विचारले, तेव्हा आजीने मान फिरविली. कवळी देवघराच्या फडताळात रुमालात बांधलेली सापडली. जबड्याचे हाड झिजत जाते, तशी जुनी कवळी सैल होते, घासते, जखम करते. नवी करावयास पैसे लागतील आणि मुलाला भार होईल, म्हणून तिने ती मुकाट्याने काढून ठेवली होती.

म्हणजे जिव्हा जिंकलेली नव्हती. दाढ दुखत होती.

गीतेच्या सतराव्या अध्यायात, शास्त्राने न सांगितलेले घोर तप करून देहास आणि देहात वसणाऱ्या ईश्वरास पीडा देणाऱ्यांविषयी भगवंतांनी कडक शब्द वापरले आहेत. तेथे दंभाचाही उल्लेख आहे. आजीच्या ठायी दंभ मुळीच नव्हता. तो असलाच तर आमच्या ठायी होता, घरात एक वैराग्यमूर्ती आहे असे मिरविण्याचा. सहाव्या अध्यायात तर अति खाणाऱ्यास जसा योग साधत नाही, तसाच अजिबात न खाणाऱ्यासही साधत नाही, असे स्पष्ट आहे. खरा विरक्त मनुष्य अन्न समोर आले असता शांतपणे जेवतो. जो घास तोंडात फिरवीत राहतो, एकाच बाजूने चावतो, कडक पदार्थ हळूच ताटाच्या कडेला सारतो, चारचौघांत जेवायला बसणे टाळतो, त्याच्या वैराग्याची परीक्षा दंतवैद्याकडून करून घ्यावी, असे आमचे मत झाले आहे.

वृद्धापकाळी येणाऱ्या या क्षीणतेची पाच लक्षणे अमेरिकेतील लिंडा फ्रीड या विदुषीने व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली मांडली: मनात नसताना वजन घटणे, सतत थकवा, हाताची पकड ढिली होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. पाचांपैकी तीन दिसली की देह क्षीण झाला असे समजतात. आजीच्या ठायी पाचही होती. डब्याचे झाकण उघडेनासे झाले तेव्हा ‘‘वय झाले’’ असे आम्ही म्हणालो. सहा महिने ते वर्षभरात वजनाचा विसावा हिस्सा आपोआप घटला, तर वैद्यास दाखवावे. त्यासाठी मोठे यंत्र नको. बांगड्या सैल झाल्या, परकराची नाडी आत येऊ लागली, हे घरातल्या बायकांच्या ध्यानात प्रथम येते. येऊनही बोलले जात नाही, एवढेच.

चावता येत नाही म्हणून मऊ अन्न द्यावे, हे कोणीही सांगेल. येथेच आणखी एक फसगत होते. टोस्ट-चहा मऊ आहे, पेज मऊ आहे, साखर घातलेला साबुदाणाही मऊ आहे. परंतु त्यात स्नायूंना धरून ठेवणारी प्रथिने फारच थोडी. वृद्धांस दर किलो वजनामागे दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने असावीत, असे तज्ज्ञांच्या एका मंडळाने 2013 साली सांगितले. आजीला त्या हिशेबाने पन्नासच्या आसपास हवी होती. तिच्या जेवणाचा हिशेब मांडला तो जेमतेम वीस भरला. (मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांस विचारूनच ठरवावे.) पूषाचा चरू हा मऊ होता खरा, पण तो धान्याचा पुरा वाटा होता, धान्य काढून घेतलेले पाणी नव्हे. आणि आपल्या स्वयंपाकघरास हे काही नवीन नाही. पिठले हे पिष्टान्नच. पूषादेव आपल्या पंगतीस बसला असता तर पिठले-भातावर निश्चित तृप्त झाला असता. मुगाचे घट्ट वरण, दुधातली खीर, मेतकूट-भातावर दही, भाजीत शेंगदाण्याचे बारीक कूट, ताकातली आंबील, कुस्करलेले पनीर, खाणाऱ्यांच्या घरी मऊ अंडे, यांतून भरपाई होते. आचार्यांनी अन्न चार प्रकारचे सांगितले आहे: चावायचे, गिळायचे, चोखायचे आणि चाटायचे. पहिला प्रकार बंद झाला तरी तीन उरतात. एका बैठकीत जात नसेल तर थोडे थोडे पाच वेळा द्यावे, आणि ताटात तेच सगळे लगद्यासारखे एकत्र करू नये. वरण वरणासारखे दिसावे. मोठ्या माणसाला लहान मुलासारखे भरविले की अर्धी भूक मानाने जाते.

मात्र अन्न मऊ केले म्हणजे तोंडाकडे दुर्लक्ष करण्यास मोकळीक मिळाली, असे नव्हे. दात वयामुळे जातातच, ही समजूत खरी नाही; ते कीड आणि हिरड्यांच्या रोगाने जातात. ऐंशीव्या वर्षी वीस दात शाबूत राहावेत अशी मोहीम जपानने 1989 साली हाती घेतली, आणि 2016 सालच्या पाहणीत तेथील निम्म्याहून अधिक ऐंशीवर्षीयांनी ते साधले होते. त्याच देशात 11 शुश्रूषागृहांतील वृद्धांवर दोन वर्षे केलेला अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे तोंड रोज नीट स्वच्छ केले जात होते त्यांच्यापैकी शंभरांत 11 जणांस, आणि इतरांपैकी 19 जणांस फुफ्फुसदाह झाला. तोंडातली घाण श्वासाबरोबर छातीत उतरते, हे त्याचे कारण. दात नसलेल्यानेही हिरड्या व जीभ ओल्या मऊ फडक्याने पुसाव्यात. दातवण न मिळाल्यास किंवा ते निषिद्ध असलेल्या तिथीस पाण्याच्या बारा चुळा भराव्यात, असे धर्मशास्त्र सांगते; शुद्धी मुखाची आहे, ती केवळ दातांची नव्हे. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी. रक्तदाबाच्या व इतर काही औषधांनी तोंड कोरडे पडते, ते डॉक्टरांच्या कानावर घालावे. आणि मिश्री! आमच्या आजीने चाळीस वर्षे लावली. दुखणे क्षणभर बधिर होते, म्हणून ती औषध वाटते. वस्तुतः ती भाजलेली तंबाखू आहे. तोंडात पांढरा वा लाल चट्टा किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत भरून आली नाही, तर एक दिवसही दवडू नये.

एकादशीविषयी पुष्कळ आजीआजोबा आम्हांस विचारतात, म्हणून तेही लिहितो. एकादशीच्या उपवासाचा अधिकार आठ वर्षांपुढे आणि ऐंशी वर्षे पुरी होईपर्यंत, असे शास्त्रवचन आहे. शिवाय पाणी, मुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध या आठांनी व्रत मोडत नाही. दूध पिऊन आणि औषध घेऊन एकादशी घडते. ऐंशी ओलांडलेल्यांनी विठ्ठलाचे नाव घेऊन वेळेवर जेवावे. या वाक्यास तीर्थरूपांची संमती आहे.

आजीच्या दोन्ही दाढा काढल्या, जखम भरली, नवी कवळी झाली. ती आता 43 किलो आहे. वॉकर धरून ओसरीपर्यंत येते. मंदिराच्या पायऱ्या मात्र तिला पुन्हा चढता आल्या नाहीत. गेल्या कार्तिकी काल्याच्या दिवशी आम्ही तिच्यासाठी घरी प्रसाद नेला, तोही सवयीने फुटाण्यांचाच. तिने तो कपाळास लावला आणि पदराचे टोक शोधू लागली. आम्ही तो तिच्या हातातून परत घेतला आणि खलबत्त्यात कुटून, दह्यात कालवून दिला. तिने वाटी पुसून घेतली.

यंदाच्या आषाढीपासून गाभाऱ्याच्या उजव्या हाताला फुटाण्यांच्या ताटाशेजारी दुसरे पातेले असेल. त्यात कधी मुगाच्या डाळीची खीर, कधी शिरा, कधी दही घातलेले सातूचे पीठ राहील. महाप्रसादाला वडीलधाऱ्यांची पंगत पहिली बसेल. पातेले घरी करून आणण्याची ज्यांची इच्छा असेल त्यांनी आमच्याकडे वार सांगून ठेवावा. सोमवार आणि गुरुवार आमच्या मातोश्रींनी घेतले आहेत, इतर वार मोकळे आहेत.