साक्षींचे एकमत आणि संशयाचे कर्तव्य

विल्यम किंग्डन क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली विश्वासाच्या नीतीवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील जहाजमालकाचे उदाहरण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. जहाज जुने, अनेकदा डागडुजी केलेले. देशांतराला निघालेली कुटुंबे त्यात बसायची आहेत. मालकाच्या मनात शंका येते, परंतु इतक्या सफरी सुखरूप झाल्या, हीही होईल, असे म्हणून तो ती बुजवतो. जहाज बुडते, मालक विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्डचे म्हणणे असे की, मालकाचा विश्वास प्रामाणिक असला तरी तो बाळगण्याचा अधिकार त्याला नव्हता. आणि जहाज सुखरूप पोहोचले असते तरीही त्याचा दोष तसूभर कमी झाला नसता. या उत्तरार्धाशी आमचे पुष्कळ दिवस जमत नव्हते. जे घडलेच नाही त्याचा दोष कसला? ही अढी सुटली ती अगदी अनपेक्षित ठिकाणी, पाणबुड्यांच्या एका श्वसनयंत्राविषयी वाचताना. आम्हाला पोहणे येते ते पाठीला भोपळा बांधून विहिरीत शिकलेले. तेव्हा या विषयात आमचा अधिकार केवळ वाचकाचा, हे आधीच सांगितलेले बरे.

नेहमीच्या पाणबुड्याचा उच्छ्वास बुडबुडे होऊन वर जातो आणि त्याबरोबर न वापरलेला पुष्कळसा प्राणवायूही वाया जातो. ‘रिब्रीदर’ या बंद यंत्रात तोच श्वास फिरत राहतो. सोडालाइममधून जाताना त्यातील कार्बन डायऑक्साइड शोषला जातो आणि शरीराने जेवढा प्राणवायू खर्चला तेवढाच पुन्हा मिसळला जातो. क्लिफर्डच्या निबंधानंतर एकाच वर्षाने, १८७८ मध्ये, हेन्री फ्ल्यूस याने इंग्लंडात असे पहिले उपयुक्त यंत्र सिद्ध केले. त्यात निव्वळ प्राणवायू असे, म्हणून खोल जाता येत नसे. खोल जायचे तर प्राणवायू इतर वायूंत मिसळावा लागतो आणि त्याचा आंशिक दाब क्षणोक्षणी मोजावा लागतो. तो ०.१६ बारच्या खाली गेला तर शुद्ध हरपण्याचे भय, १.६ च्या वर गेला तर झटके येण्याचे. यातली खरी भीषण गोष्ट अशी की, दोहोंपैकी कशाचीही खात्रीलायक पूर्वसूचना शरीर देत नाही. माणूस हसतखेळत बेशुद्ध होतो. ‘मला बरे वाटते आहे’ या साक्षीला येथे काडीचीही किंमत नाही.

म्हणून साक्ष द्यायची ती सेन्सरने. हा सेन्सर म्हणजे एक लहानसा विद्युत्‌घट: आत शिसे, क्षारद्रव, आणि तोंडावर पातळ पडदा. पडद्यातून प्राणवायू शिरला की शिसे झिजते आणि त्या प्रमाणात काही मिलिव्होल्टचा दाब निर्माण होतो. हा घट वापरला तरी झिजतो, न वापरता ठेवला तरी झिजतो. वर्ष-दीड वर्षात तो बदलावा लागतो. वृद्ध झालेला सेन्सर बंद पडला असता तर बरे झाले असते. तो तसे करत नाही. साध्या हवेत तो बरोबर बोलतो, पृष्ठभागावर निव्वळ प्राणवायूतही बरोबर बोलतो; मात्र त्यापुढे त्याचा आवाज चढतच नाही. खरा दाब १.५ असताना तो १.२ म्हणत राहतो.

एकाच साक्षीवर विसंबू नये म्हणून यंत्रात बहुधा तीन सेन्सर बसवतात आणि जे दोन जुळतील ते खरे, तिसरा बाद, असा न्याय लावतात. आता समजा, दोन जुने झाले आहेत आणि एक नवा आहे. दोन जुने १.२ म्हणतात, नवा एकटा १.५ म्हणतो. यंत्र बहुमताने खरे बोलणाऱ्याला गप्प बसवते. ठरवलेला दाब १.३ असल्याने प्राणवायू कमी आहे असे समजून आणखी सोडते. तिघेही एकाच वेळी घेतलेले, एकाच दमट कोंडीत वाढलेले असले तर तक्रार करायला एकही उरत नाही. साक्षीदार अनेक असण्याला अर्थ तेव्हाच, जेव्हा त्यांच्या चुकण्याची कारणे वेगवेगळी असतात. बिरादरीच्या आणि संस्थांच्या सभांतील एकमते ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही!

आपल्या दर्शनांत हा वाद जुना आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण. दोष दिसेपर्यंत ते खरेच मानावे. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून ठरते: पाणी दिसले, जवळ गेलो, प्यालो, तहान भागली, म्हणजे दिसणे खरे होते. पाणबुड्याची अडचण अशी की, मीमांसकाच्या वाटेने गेले तर दोष दिसतो तेव्हा पाहणारा उरत नाही, आणि नैयायिकाच्या वाटेने फळाची वाट पाहिली तर ते फळ म्हणजेच झटका. म्हणून फळाआधीच पडताळा घडवून आणावा लागतो. ३० मीटरवर भोवतीचा दाब ४ बार. तेथे साध्या हवेने सगळा श्वासमार्ग धुऊन काढला तर आकडा ०.८४ यायलाच हवा. ६ मीटरवर निव्वळ प्राणवायूने धुतला तर १.६ च्या आसपास यायला हवा, आणि थकलेला सेन्सर येथेच उघडा पडतो. हा आकडा सेन्सरांच्या आपसातील संगनमतातून येत नाही, तर पाण्याच्या वजनातून येतो.

शिक्षणाच्या पायऱ्यांचा खरा हेतू हा संशय अंगी मुरवण्याचा आहे. प्रथम साधारण ४० मीटर, मग हेलियममिश्रित वायूने ६०, मग १००; मध्ये नेमून दिलेले तास. तपशील संस्थेपरत्वे बदलतो. शेकडो वेळा बुडी मारलेला मनुष्यही येथे पुन्हा बालवर्गात येतो, कारण श्वास भरून किंचित वर उचलले जाण्याची त्याची जुनी सवय या यंत्रात निरुपयोगी ठरते. परंतु तास दुधारी असतात. हात तयार होतो तसा विश्वासही फुगतो, आणि ‘मागच्या खेपेला हाच सेन्सर चालला’ हे वाक्य जहाजमालकाचेच आहे. अँड्र्यू फॉक या डॉक्टरांनी १९९८ ते २०१० मधील अशा १८१ मृत्यूंचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे दोन-तृतीयांश मृत्यूंशी अतिधोक्याची बुडी किंवा अतिधोक्याचे वर्तन निगडित असल्याचे त्यांना दिसले.

जीव त्याचा, धोका त्याचा, मग नीतीचा प्रश्न कोठे, असे कोणी म्हणेल. जानेवारी २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील बुशमन्स होल या जलविवरात डेव्हिड शॉ हा ऑस्ट्रेलियन पाणबुडा सुमारे २७० मीटर खोल गेला, तो दहा वर्षांपूर्वी तेथे बुडालेल्या एका तरुणाचा देह वर आणण्यासाठी. तेथे तो स्वतःच मरण पावला. दोष सेन्सरचा नव्हता, श्रमाने साचलेल्या कार्बन डायऑक्साइडचा होता. काही दिवसांनी सोबत्यांनी साहित्य वर ओढले तेव्हा दोन्ही देह वर आले. बुडालेल्यासाठी कोणीतरी खाली जाणारच, हे जाणून जो उतरतो त्याचे मरण केवळ त्याचे राहत नाही.

क्लिफर्डचा उत्तरार्ध आता आम्हाला पटतो. जुन्या सेन्सरवर उतरून सुखरूप परतलेला मनुष्य पुढच्या खेपेसाठी एक खोटा पुरावा बरोबर घेऊन येतो. उलट, ६ मीटरवर तीन आकड्यांत एक वेगळा दिसला म्हणून तेथूनच परत फिरणाऱ्याच्या नोंदवहीत जवळजवळ काहीच जमा होत नाही, कारण पायरी चढण्यासाठी मोजले जातात ते पाण्याखालचे तास. त्या वहीत अर्ध्यावर सोडलेल्या बुड्यांसाठीही एक रकाना असावा, आणि पुढच्या पायरीवर घेण्याआधी शिक्षकाने तो रकाना प्रथम वाचावा, असे आम्हास वाटते.