पणजोबांचे हस्ताक्षर

निवृत्तीनंतर वंशावळ जुळविण्याचा नाद पुष्कळांना लागतो, आम्हालाही लागला. मुलाच्या नोकरीमुळे आमचे बिऱ्हाड आता सुरतजवळच्या कडोदऱ्यात असले, तरी घराणे मूळचे खानदेशातले. बारडोली, व्यारा, नवापूर मागे टाकीत गेल्या वर्षी आम्ही तीनदा धुळे जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी गेलो. तेथील जुन्या वाचनालयात कोणी कधीकाळी आणून दिलेले दप्तरांचे रुमाल जपून ठेवले आहेत. इतिहासाचार्य राजवाडे असेच रुमाल सोडवीत गावोगाव हिंडले आणि 1926 साली धुळ्यातच त्यांनी देह ठेवला. आमची मजल एवढीच, की घराण्याच्या कुलवृत्तांतासाठी पणजोबांविषयी चार ओळी हव्या होत्या.

महसूल खात्यात आयुष्य काढूनही आम्हाला मोडी येत नाही, हे सांगावयास संकोच वाटतो. वाचनालयात येणारे एक वृद्ध शिक्षक कागद वाचून दाखवीत. तिसऱ्या फेरीत 1883 सालचे एक खत निघाले. लिहून घेणार आमचे पणजोबा, लिहून देणार त्याच गावचा एक कुणबी. 60 रुपयांच्या बाकीपोटी नऊ एकर जमीन कायमची दिली, असा मजकूर. खाली देणाऱ्याची निशाणी नांगर. गुरुजी क्षणभर थांबले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "अक्षरही तुमच्या पणजोबांचेच दिसते."

पणजोबा गावचे कुलकर्णी होते. म्हणजे धनको तेच आणि लेखकही तेच. नांगर काढणाऱ्यास काय वाचून दाखविले गेले असेल, हे त्या दोघांखेरीज कोणास ठाऊक? व्यवहार चोख असेलही. परंतु असा कागद आमच्या टेबलावर आला असता, तर आम्ही त्यावर शेरा मारल्याशिवाय राहिलो नसतो. पुणे आणि नगर जिल्ह्यांत 1875 साली शेतकऱ्यांनी सावकारांची खतेच जाळली, ती उगीच नव्हे. त्यानंतर आलेला 1879 चा कायदा आरंभी चार जिल्ह्यांपुरता होता. खानदेश त्यांत नव्हता.

आमच्या चुलतबंधूंना हे फोनवर सांगितले. ते म्हणाले, "दादा, मेलेल्यांची उणी कशाला काढायची? ती जमीन तर कुळकायद्यात गेली. फिटले ते."

खरेच फिटले काय? 1957 च्या कृषिदिनाने जमीन कसणाऱ्याच्या नावे झाली. पण तो कसणारा निराळ्या घरचा होता. नांगर काढणाऱ्याच्या वंशजांस त्यातले काहीच मिळाले नाही. मधली चौऱ्याहत्तर वर्षे त्या उत्पन्नातून आजोबा धुळ्यास शिकले, वडील शिकले आणि ज्या पदवीवर आम्ही अधिकारी झालो तिचे मूळही तेथेच आहे. आपल्या जुन्या धर्मशास्त्राने पूर्वजांचे ऋण फेडण्याचे कर्तव्य पुत्र, पौत्र आणि प्रपौत्र यांच्यावर टाकले होते. 2005 च्या दुरुस्तीने नव्या कर्जांपुरते ते कायद्यातून गेले. आम्ही त्या पणजोबांचे प्रपौत्रच. त्यांनी दुष्काळात धान्य वाटल्याची आख्यायिका कुलवृत्तांतात आहे आणि तिला मात्र कोणी पुरावा मागितलेला नाही. धान्य 'आमच्या' पणजोबांनी वाटले आणि खत 'त्या काळाने' लिहिले, अशी वाटणी आमच्याने करवत नाही. दोष आमचा नव्हे, हे मान्य. पण मग कीर्ती तरी आमची कशी?

कडोदऱ्याच्या चौफुलीवर सकाळी कामाला निघालेल्या मजुरांत अहिराणी बोल कानी पडतात. पूर्वी आम्ही हौसेने गाव विचारीत असू. एखादा आमच्याच गावचे नाव सांगेल, या धास्तीने अलीकडे विचारवत नाही.

कुलवृत्तांत या महिनाअखेर छापखान्यात जावयाचा आहे. पणजोबांवरील परिच्छेदात आम्ही त्या खताचा सन, क्षेत्र, रक्कम आणि नांगराची निशाणी यांचा उल्लेख केला होता. चुलतबंधूंनी ते वाक्य खोडून पान परत पाठविले. काल आम्ही ते पुन्हा लिहून टपालात टाकले.