आधी वाटा, मग मालकी

समुद्रात एकाने गळ टाकला. मोठा मासा लागला, त्याने तो ओढून होडीत घेतला आणि किनाऱ्यावर आणला. आता हा मासा कोणाचा?

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. ज्याने खुंट उपटून जमीन मोकळी केली, शेत त्याचं. ज्याचा बाण आधी लागला, हरिण त्याचं. जॉन लॉकने १६८९ साली मालमत्तेची मीमांसा छापली, तेव्हा त्याने तर समुद्रातल्या माशाचंच उदाहरण घेतलं. समुद्र अवघ्या मानवजातीचा, पण ज्याने कष्ट करून मासा बाहेर काढला, मासा त्याचा झाला. एकमेकांपासून इतके दूर असलेले हे दोन विचार एकाच जागी येऊन पोहोचतात: आधी हात लागतो, हाताने मालकी येते, आणि वाटायचं की नाही हे मालक ठरवतो.

टोकेलाऊ नावाच्या प्रदेशात या प्रश्नाला निराळं उत्तर मिळतं. ते उत्तर आपल्यापेक्षा जास्त खरं आहे, असं मला वाटतं.

सामोआच्या उत्तरेला सुमारे ५०० किलोमीटरवर अटाफू, नुकुनोनू आणि फाकाओफो ही तीन कंकणद्वीपं आहेत. उथळ, खाऱ्या तळ्याभोवती प्रवाळाच्या छोट्या छोट्या बेटांची माळ, असं प्रत्येकाचं रूप. तिन्ही मिळून जमीन भरते १०-१२ चौरस किलोमीटर, आणि सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम पाच मीटर. नदी नाही, ओढा नाही, प्यायला छपरावरून टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी. २०११ साली पाऊस लांबला तेव्हा आणीबाणी जाहीर करून जहाजातून पाणी आणावं लागलं. विमानतळ नाही. सामोआतल्या आपियाहून जहाजाने निघायचं, एक दिवसाहून जास्त प्रवास करायचा, आणि पोहोचल्यावरही जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेरच थांबतं. माणसं आणि सामान लहान बोटींतून आत न्यावं लागतं. वस्ती दीड हजारांच्या आसपास. याच्या कित्येक पट टोकेलाऊ माणसं न्यूझीलंडमध्ये राहतात. हा प्रदेश १९२०च्या दशकात न्यूझीलंडच्या कारभाराखाली आला आणि १९४९ पासून त्याचाच भाग आहे.

माझी मुलगी वेलिंग्टनजवळच्या हट खोऱ्यात राहते. तिच्या शेजारी फाकाओफोच्या एक बाई राहतात. १९६६च्या वादळानंतर सरकारने बेटांवरची कुटुंबं न्यूझीलंडमध्ये आणून वसवली, त्यांत लहानपणी त्या आल्या. मासा कोणाचा, या प्रश्नाचं उत्तर मी प्रथम त्यांच्याकडून ऐकलं आणि मग मिळेल ते वाचत गेले.

तिथे या वाटपाला इनाती म्हणतात. गावाच्या सामुदायिक मासेमारीत जे मिळेल ते एका ठिकाणी येतं. काही मासे आणि कासव तर एकट्याने पकडले तरी गावापुढेच आणायचे असतात. वाटप करणारी ठरलेली माणसं घरागणिक ढीग लावतात आणि प्रत्येक ढीग त्या घरातल्या डोक्यांच्या हिशेबाने लावला जातो. काल जन्मलेलं मूल मोजतात, अंथरुणाला खिळलेला म्हातारा मोजतात, विधवा मोजतात, आणि ज्याने मासा मारला त्यालाही सगळ्यांसारखंच मोजतात. शेजारच्या बाई लहान असताना घरचा वाटा टोपलीतून उचलून आणत. मी विचारलं, ज्यांच्या घरी कोणी मासेमारीला जाऊ शकत नाही, ते कोळ्यांचे आभार कसे मानत? त्यांना माझा प्रश्न समजला नाही. म्हणाल्या, आपला वाटा नेताना आभार कोणाचे मानायचे?

त्या उत्तराने मी बराच वेळ गप्प झाले, कारण माझी सगळी नोकरी पुरवठा खात्यात गेली. रास्त भाव दुकानांची तपासणी, शिधापत्रिकांची छाननी, कार्डात नवं नाव चढवणं, मयताचं नाव कमी करणं. आमच्याकडेही डोकी मोजतात. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणशी पाच किलो धान्य ठरवून दिलं, अंत्योदय कार्डाला ३५ किलो. हा कायदा मी मनापासून मोलाचा मानते. त्याने घराघरांत चूल पेटलेली मी पाहिली आहे. पण त्याच्या आधी एक शब्द येतो: इष्टांक. तालुक्याला किती माणसांचं धान्य, हे वरून ठरून येतं. तो आकडा भरला की नवी सून आणि तिचं लेकरू यादीबाहेर थांबतात. मग उत्पन्नाचा दाखला, आधार जोडणी, यंत्रावर अंगठा. जन्मभर खुरपणी करून बोटांचे ठसे झिजलेली बाई यंत्रापुढे पुन्हा पुन्हा अंगठा टेकते आणि तिच्या चेहऱ्यावर जे ओशाळेपण येतं, त्याला कोणत्याच नोंदवहीत रकाना नाही. धान्य मिळालं तरी ते तिला कोणीतरी दिलेलं असतं.

आपल्या धर्मविचारात देण्याची थोरवी अपार आहे. देवांनी दिलेलं त्यांना न देता जो एकटा भोगतो तो चोर, असं गीतेचा तिसरा अध्याय बजावतो. ऋग्वेदातलं एक सूक्त एकट्याने खाणाऱ्याला पापाचा धनी म्हणतं. तरीही व्यवहारात आपण दान म्हणतो तेव्हा क्रम ठरलेला असतो: आधी माझं झालं, मग मी त्यातलं दिलं. त्यामुळे देणाऱ्याला पुण्य मिळतं आणि घेणाऱ्याच्या डोक्यावर उपकार बसतो. विनोबांना हे फार आत खुपलं होतं. म्हणूनच १९५१ साली पोचमपल्लीपासून जमीन मागत निघाले तेव्हा त्यांनी शंकराचार्यांच्या व्याख्येचा आधार घेतला, की दान म्हणजे सम्यक वाटणी. मी भीक मागत नाही, घरातला आणखी एक मुलगा म्हणून माझा हिस्सा मागतो, अशी त्यांची भूमिका होती.

टोकेलाऊ याच्याही एक पाऊल अलीकडे उभं आहे. तिथे मालकीच वाटणीनंतर जन्माला येते. ढीग लागेपर्यंत मासा कोणाचाच नसतो. ढीग लागला की आपल्या ढिगातला मासा आपला. म्हणून तिथे कोणी दाता नाही आणि कोणी याचकही नाही. आधी वाटा, मग मालकी.

हा क्रम फक्त सोयीचा नाही, तो खरा आहे, असं मी का म्हणते? कोळ्याच्या हाताकडे नीट पाहिलं तर कळतं. पूर्वी होड्या कनावा झाडाच्या लाकडाच्या असत, फळ्या काथ्याने आवळून बांधलेल्या. प्रवाळाच्या वाळूत तसं झाड वाढायला मोठा काळ लागतो. ते कोणीतरी राखलेलं असतं. कोणत्या चांद्रतिथीला कोणता मासा कुठे येतो, हे ज्ञान पिढ्यांनी साठवलं. आज बोटी ॲल्युमिनियमच्या आणि यंत्रावर चालणाऱ्या असल्या, तरी ते जहाज, ते इंधन, तो धक्का गावाचाच. गळ ओढणारा हात एकाचा, पण त्या हातात गावाची सगळी पुंजी आलेली असते. माझं काम, म्हणून माझा माल, असं म्हणताना आपण फक्त शेवटचा हात मोजतो. लॉकने अट घातली होती की घेतल्यावर इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे. विस्तीर्ण भूखंडावर ही अट विसरता येते. दहा-बारा चौरस किलोमीटरवर ती रोज दारात उभी असते.

पूर्वी फाकाओफोला तुई टोकेलाऊ या देवाची उपासना होती. चटयांत गुंडाळलेली प्रवाळाची शिळा हे त्याचं रूप. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ख्रिस्ती धर्म आला. नुकुनोनू कॅथलिक झालं, अटाफू प्रोटेस्टंट, फाकाओफोवर दोन्ही. १८६३ साली पेरूच्या गुलाम-व्यापाऱ्यांनी जवळपास अर्धी माणसं पळवून नेली. देव बदलला, निम्मं गाव गेलं, राज्यकर्ते बदलले, इनाती टिकली. मला यातून दिसतं ते असं, की काही नीती धर्मग्रंथाआधीच्या असतात आणि प्रत्येक नव्या धर्माने त्यांना आपल्यात जागा द्यावी लागते.

न कमावणाऱ्याला तेवढंच मिळालं तर कोण राबेल, असं मला कार्यालयातही विचारत. टोकेलाऊत दोन हिशेब वेगळे ठेवले जातात. धडधाकट पुरुषांचा संघ असतो, आउमांगा. गावाने सांगितलं की मासेमारी, बांधकाम, जहाजाचा माल उतरवणं त्यांनी करायचंच. काम अंगातल्या बळाप्रमाणे मागतात, वाटा माणूस असण्याच्या नात्याने देतात. घराण्याच्या जमिनीचा कारभार भावांकडे, पण घरात आलेलं वाटून देण्याचा मान वडील बहिणीचा. मिळवणारा हात आणि वाटणारा हात मुद्दाम वेगळे ठेवण्यात मोठं शहाणपण आहे.

दुसरा आक्षेप मात्र जड आहे. जो समाज प्रत्येकाला मोजतो, तो प्रत्येकाला धरूनही ठेवू शकतो. २०२२ साली नुकुनोनूवरची बातमी आली: कोविडची लस नाकारणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला गावाच्या परिषदेने जवळपास वर्षभर घराच्या आवारातच राहायला लावलं होतं. लस घ्यावी, असंच माझं मत आहे. तरीही हे वाचून मला वेदना झाली. वाटा असण्यावरून मिळत असेल, तर मतभेदाने असणं कमी होत नाही. इनातीचं तत्त्व त्याच परिषदेला तिच्या या निर्णयापुढे प्रश्न विचारतं, आणि ते तत्त्व मला परिषदेपेक्षा वडीलधारं वाटतं.

या परिषदांना ताउपुलेंगा म्हणतात आणि सत्तेचा उगम त्यांच्यात मानला जातो. २००४ साली न्यूझीलंडच्या प्रशासकाचे अधिकार या तीन गाव-परिषदांकडे आले आणि त्यांनी त्यांतले समाईक विषय वरच्या सभेला, जनरल फोनोला, सोपवले. सत्ता खालून वर जाते. प्रत्येक बेटाचा निवडून आलेला फाइपुले एकेक वर्ष प्रदेशाचा प्रमुख होतो आणि राजधानी त्याच्याबरोबर त्याच्या बेटावर जाते. पदाचीही वाटणी केलेली आहे.

स्वयंशासनाचा प्रश्न आला तेव्हाही हेच दिसलं. न्यूझीलंडशी मुक्त सहयोग ठेवून स्वतःचं राज्य व्हावं का, यावर २००६ साली मतदान झालं. ६० टक्के अनुकूल. २००७ साली पुन्हा झालं. ६४ टक्क्यांहून थोडे जास्त. दोन-तृतीयांशाची अट होती आणि १६ मतं कमी पडली. जगाने याला अपयश म्हटलं. मला त्यात संयम दिसतो. ज्या एक-तृतीयांशाला न्यूझीलंडची मदत आटण्याची धास्ती होती, त्यांना उद्याही त्याच बेटावर, त्याच ढिगांपाशी उभं राहायचं होतं. न्यूझीलंडमधल्या टोकेलाऊंना मत नव्हतं आणि अनेकांना ते लागलं. शेजारच्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, वाटा तिथे असणाऱ्याचा, मग मतही तिथे असणाऱ्याचंच.

पोट न्यूझीलंडच्या पैशावर भरतं, मग समतेचं कौतुक काय, असंही म्हणतील. त्यांना मी टोकेलाऊच्या समुद्राचा पसारा सांगेन: तीन लाख चौरस किलोमीटरहून जास्त. तिथे ट्यूना पकडायला येणारी परदेशी जहाजं परवान्याचे पैसे भरतात आणि ते उत्पन्न आता मोठं आहे. जाळं परक्याचं, तरी समुद्र गावाचा, म्हणून गावाला वाटा. इनातीचाच हा विस्तार आहे.

आणि आता आकाशाची वाटणी उरली आहे. हवेत किती धूर सोडता येईल याला मर्यादा आहे, आणि ज्यांनी आधी हात घातला त्यांनी तिचा बहुतेक भाग आपला करून टाकला. ज्याचा बाण आधी, त्याचं हरिण. अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ सालीच सांगितलं, की वातावरणाचा हिस्सा माणशी मोजा. टोकेलाऊने २०१२ साली डिझेलची जनित्रं बाजूला ठेवून जवळजवळ सगळी वीज सूर्यापासून घेतली. तरी पाच मीटर उंचीच्या या जमिनीवर चढणारं पाणी इतरांच्या धुराचं आहे. त्यांना मदतनिधी द्यावा, अशी भाषा आंतरराष्ट्रीय परिषदांमधून ऐकू येते. त्यांना निधी मिळावाच, पण मदत म्हणून नको. त्यांच्या ढिगातला मासा दुसऱ्याने नेला आहे आणि तो परत करायचा आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. धान्याचं गोदाम असो, समुद्र असो की आकाश, आधी माणसं मोजावीत आणि मग माल. इष्टांक माणसांवरून निघावा, माणसं इष्टांकात बसवू नयेत. दानाला मी कमी लेखत नाही. पण दानाची पाळी वाटणीनंतर येते, आणि वाटणी नीट झाली तर दानाची गरज पुष्कळ कमी होईल.