अदृष्ट आणि अदृश्य

“वीज तरी कोणीं डोळ्यांनीं पाहिली आहे? लोहचुंबकाची शक्ति कोणाच्या हातीं लागली आहे? तरी तुम्ही ती मानतांच ना? मग आमचेंच अदृश्य तेवढें खोटें कां?” सुशिक्षितांच्या बैठकींत मंत्रसामर्थ्य, ग्रहांचें बल किंवा एखाद्या सत्पुरुषाच्या स्पर्शाचा प्रभाव यांविषयीं बोलणें निघालें, कीं हा युक्तिवाद हटकून पुढें येतो, आणि पदार्थविज्ञानाचा कोणी अध्यापक तेथें असेल, तर सर्वांचे डोळे त्याच्याकडे वळतात. माझ्यावर हा प्रसंग इतक्या वेळां आला आहे, कीं त्याचा एकदां सावकाश विचार करावा असें वाटूं लागलें. युक्तिवाद हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. त्यांत एक मोठें सत्य आहे, आणि त्या सत्याच्या आश्रयानें चाललेली थोडीशी अफरातफरहि आहे.

प्रथम सत्य. आकाशांत आपण जी वीज पाहतों ती वस्तुतः तापलेल्या हवेची दीप्ति असते. तारेंतून वाहणारा प्रवाह किंवा चुंबकाभोंवतींचें क्षेत्र कोणालाच दिसत नाहीं. दिसतें तें सुईचें हालणें. हें आमच्या कणादांना नीट ठाऊक होतें. वैशेषिक सूत्रांत सुई चुंबकाकडे सरकते तिचें कारण ‘अदृष्ट’ म्हणून सांगितलें आहे. शंकराचार्यांच्या भाष्यांतहि, स्वतः न हालतां दुसऱ्यास हालविणाऱ्याचा दाखला म्हणून हाच चुंबक येतो. पुढें ‘अदृष्ट’ या शब्दांत धर्माधर्माचा अर्थ भरला गेला, आणि मराठींत तर त्याचें दैव झालें. परंतु कारण आहे, मात्र तें दृष्टीस पडलेलें नाहीं, असें म्हणण्यांत मला तरी प्रामाणिकपणाच दिसतो. अडचण एवढीच, कीं नांव सांपडलें म्हणजे पुष्कळदां शोध थांबतो.

तो पुढें चालविणारा एक मनुष्य लंडनांत निघाला. दोन विद्युद्भारांमधील बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत असतें, हें कूलोमनें १७८५ मध्यें मोजून दाखविलें होतें, व तेवढ्या सूत्रावर गणिती मंडळी संतुष्ट होती. मधल्या रिकाम्या जागेंत काय घडतें, हें विचारण्याची गरज त्यांना भासेना. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवारी केलेला, गणिताशीं फारशी ओळख नसलेला. त्याला ती जागा रिकामी वाटेना. चुंबकावर कागद ठेवून त्यावर लोखंडाचा कीस भुरभुरावा व कागदास हलकी टिचकी मारावी, कीं कीस एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत कमानदार ओळी धरतो, हें शाळेंतल्या मुलांनाहि दाखवितात. कीस नसतांहि तेथें कांहींतरी आहे, असें फॅरडेचें मन त्याला सांगूं लागलें.

२९ ऑगस्ट १८३१ रोजीं त्यानें लोखंडाच्या एका कड्यावर दोन बाजूंना तारेचीं वेटोळीं गुंडाळलीं. एका वेटोळ्यास विद्युद्घट जोडला, तेव्हां दुसऱ्याच्या तारेजवळची चुंबकसूची हालली आणि लगेच पूर्वस्थितीवर आली. घट सोडविला तेव्हां ती पुन्हां हालली, पण उलट दिशेनें. मधल्या वेळांत प्रवाह संथपणें वाहत असतां मात्र ती स्वस्थ. त्याच वर्षीं पुढें, तारेच्या पोकळ गुंडाळींत नुसता चुंबक आंत-बाहेर केला तरी प्रवाह उठतो, हेंहि त्यानें दाखविलें. चुंबक जवळ असून भागत नाहीं. तो हालला पाहिजे, त्याच्या रेषा तारेनें छेदल्या पाहिजेत. आज कोयनेच्या वीजघरांत जें चाललें आहे तें याच तत्त्वावर.

तरीहि या रेषा खऱ्या आहेत, कीं चित्र काढण्याची ती एक सोय आहे, हा प्रश्न उरलाच. आणि येथें फॅरडेचें वर्तन मला त्याच्या शोधांइतकेंच मोलाचें वाटतें. रेषांच्या भौतिक अस्तित्वाविषयींचे आपले विचार त्यानें १८५२ मध्यें प्रसिद्ध केले, ते प्रयोगांच्या मालिकेंत न घालतां, निराळ्या मासिकांत, हे तर्क आहेत असें स्पष्ट सांगून. सिद्ध काय झालें आणि आपल्याला नुसतें वाटतें काय, यांची त्यानें सरमिसळ होऊं दिली नाहीं. पुढें मॅक्सवेलनें त्या रेषांना गणिताचें रूप दिलें, तेव्हां त्यांतून लहरींचा एक वेग निघाला. वेबर व कोलराउश यांनीं १८५६ मध्यें विद्युद्भारांचीं मापें घेऊन काढलेल्या आंकड्यावरून तो सेकंदास सुमारें ३,१०,००० किलोमीटर येत होता. आणि फिझोनें १८४९ मध्यें दंतचक्राच्या साह्यानें मोजलेला प्रकाशाचा वेग सुमारें ३,१५,००० किलोमीटर होता. एका मापनांत दिव्याचा संबंध नाहीं, दुसऱ्यांत चुंबकाचा नाहीं, आणि उत्तर जवळजवळ एकच! प्रकाश हीच विद्युच्चुंबकीय लहर असली पाहिजे, असें मॅक्सवेलनें अनुमान केलें. आणि १८८८ पर्यंत हर्ट्झनें तशा लहरी ठिणगीपासून उत्पन्न करून कांहीं अंतरावर पकडून दाखविल्या.

या कथेचा दुसरा भाग लोकप्रिय पुस्तकांत घाईनें उरकला जातो. या लहरींना वाहून नेणारें ‘ईथर’ नांवाचें द्रव्य सर्व विश्वांत भरलेलें आहे, असें त्या काळच्या उत्तमोत्तम पंडितांचें मत होतें. तेंहि अदृश्यच. त्यांतून होणारा पृथ्वीचा प्रवास मोजण्याचा प्रयत्न मायकेलसन व मॉर्ले यांनीं १८८७ मध्यें केला. अपेक्षित फरक त्यांना सांपडला नाहीं. १९०५ मध्यें आइन्स्टाइननें ईथरावांचून सर्व भागतें, हें दाखविलें. क्षेत्र राहिलें, ईथर गेलें. दोन्हीं सारखींच अदृश्य, दोहोंच्या पाठीशीं सारखेच थोर पुरुष. म्हणजे वस्तु डोळ्यांस दिसते कीं नाहीं, यावर कांहींच अवलंबून नव्हतें. ती नसती तर काय निराळें घडलें असतें, हें सांगतां येतें कीं नाहीं, यावर सर्व अवलंबून होतें.

याच फॅरडेच्या हातून १८५३ मध्यें झालेलें एक लहानसें काम आमच्या बैठकींतल्या मंडळींनीं अवश्य ध्यानांत घ्यावें. लंडनांत तेव्हां टेबलें फिरविण्याचें वेड शिगेला पोंचलें होतें. पांच-सात माणसांनीं टेबलावर हात टेंकून बसावें, कांहीं वेळानें टेबल फिरूं लागावें, आणि कोणीं त्याचें श्रेय भुतांना, तर कोणीं विजेला वा चुंबकत्वाला द्यावें. फॅरडेनें हातांखालीं दोन फळ्या ठेवल्या, त्यांच्यामध्यें कांचेचे रूळ घातले, रबराच्या बंदांनीं त्या एकत्र धरल्या, आणि वरची फळी आधीं सरकते कीं खालची, हें दाखविणारी एक हलकी काडी जोडली. टेबल हातांना ओढीत असतें तर खालची फळी पुढें गेली असती. पुढें गेली ती वरची. म्हणजे हातच टेबलाला ढकलीत होते. काडी बसणाऱ्यांच्या नजरेसमोर येतांच टेबल फिरावयाचें थांबलें. बसणारे लबाड नव्हते. आपण केवळ खालीं दाबतों आहों, अशी त्यांची खरीखुरी खात्री होती. ज्या मनुष्यानें न दिसणाऱ्या रेषांवर वीस वर्षें विश्वास ठेवला, त्यानेंच ही काडी लावली, याचें मला विशेष वाटतें.

यावर माझे एक स्नेही म्हणतात, “हें सर्व फॅरडेला शोभतें. पण आपल्या घरांतल्या माणसांनीं कोणते प्रयोग केले आहेत? तीं बटण दाबतात आणि मास्तरांच्या शब्दावर विश्वास ठेवतात. तेंहि आप्तवाक्यच. मग तुमचे आप्त खरे आणि आमचे खोटे, असें कां?” ही शंका खरोखर जड आहे. आपल्या ज्ञानाचा बहुतेक भाग ऐकीव असतो, माझाहि आहे, आणि तसा असण्यांत कमीपणा नाहीं. परंतु आप्त कोणाला म्हणावें, याचा विचार आमच्याकडे झालेला आहे. ज्यानें वस्तु साक्षात् जाणली आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, असें लक्षण वात्स्यायनानें न्यायभाष्यांत केलें, आणि ऋषि, आर्य, म्लेंच्छ या सर्वांस तें सारखेंच लागू आहे असें तो म्हणतो. कोणत्याहि मुलीनें मास्तरांना “दाखवा” म्हणावें. एक चुंबक, थोडी तार आणि एक नाजूक मापक एवढ्यावर १८३१ चा प्रयोग तिच्यापुढें पुन्हां उभा राहतो. तिनें तो प्रत्यक्ष पाहिला नाहीं तरी चालेल. पाहण्याची वाट मोकळी असली पाहिजे. ज्या बैठकींत “दाखवा” या शब्दानें यजमानांची मुद्रा बदलते, तेथें आप्तवाक्याचें नांव कोणीं घेऊं नये.

प्रश्न केवळ तर्कशास्त्राचा असता तर मी इतकें लिहिलें नसतें. गुडघ्यांस बांधावयाचे चुंबकाचे पट्टे आणि ‘चुंबकीय’ केलेलें पाणी बाजारांत विकलें जातें, आणि त्यांच्या जाहिरातींत ‘क्षेत्र’, ‘लहरी’, ‘ऊर्जा’ हे शब्द ओळींनें मांडलेले असतात. हें नवें नाहीं. मेस्मरच्या ‘प्राणिचुंबकत्वा’ची चौकशी करावयास १७८४ मध्यें फ्रान्सच्या राजानें मंडळ नेमलें, त्यांत फ्रँकलिन व लाव्हाझिए होते. फ्रँकलिनच्या बागेंत एक झाड ‘भारलें’ गेलें, एका मुलाचे डोळे बांधून त्याला एकेका झाडाजवळ नेलें, आणि तो न भारलेल्या झाडाशींच मूर्च्छित झाला. त्याची मूर्च्छा खरी होती. माझ्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ असा पट्टा बांधतात व त्यांना बरें वाटतें. तें बरें वाटणेंहि खरें आहे, आणि त्यांच्याशीं मी कधीं वाद घातला नाहीं. पण त्या भरंवशावर ते मधुमेहाचें औषध कमी करावयास निघाले, तेव्हां बोलणें भाग पडलें. विक्रेत्यानें फॅरडेच्या श्रमांची पत वापरून माल खपविला होता, आणि कर्जाची फेड या म्हाताऱ्याच्या शरीरांतून व्हावयाची होती. मीं अफरातफर म्हटली ती हीच.

श्रद्धेशीं माझें भांडण नाहीं. फॅरडे स्वतः एका लहानशा ख्रिस्ती पंथाचा निष्ठावंत अनुयायी होता, आणि धर्मश्रद्धेला व्यवहारांतल्या परीक्षेचे नियम लावावयाचे नाहींत, असें त्यानें १८५४ च्या एका व्याख्यानांत उघड सांगितलें. ही विभागणी मला पूर्णपणें पटत नाहीं. तथापि त्या श्रद्धेसाठीं त्यानें चुंबकाची साक्ष कधीं काढली नाहीं.

गुरुत्वाकर्षणाचा व विजेचा कांहीं संबंध असलाच पाहिजे, असें त्याला तीव्रतेनें वाटे. १८४९ मध्यें त्यानें रॉयल इन्स्टिट्यूशनच्या व्याख्यानगृहांत उंचावरून तारेची गुंडाळी मऊ गादीवर वारंवार सोडली, आणि पडतांना तिच्यांत प्रवाह उठतो का, हें पाहिलें. तसा प्रवाह उठला नाहीं. हा वृत्तांत त्यानें रॉयल सोसायटीपुढें ठेवला. तो १८५१ मध्यें छापून आला. संबंध आहे ही आपली भावना या अपयशानें ढळलेली नाहीं, परंतु तो असल्याचा पुरावाहि यांतून मिळत नाहीं, असें त्यानें त्याच्या शेवटीं लिहून ठेवलें.