दाराबाहेरचा माणूस

धंदेवाल्यानें आपलें गाऱ्हाणें कायदेकर्त्यांपुढें मांडावें, यांत आम्हांस कांहींच गैर दिसत नाहीं. धंद्याचें मर्म त्यालाच ठाऊक. त्यास न विचारतां केलेला कायदा आंधळाच असावयाचा. मग अन्याय शिरतो कोठून?

लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनीं पार्लमेंटांत आपलें वजन खर्चिलें, आणि १८९६ सालीं हिंदुस्थानांतील गिरण्यांच्या कापडावर शेंकडा ३॥ टक्के कर बसला. तो रद्द व्हावयास १९२६ साल उजाडलें. लँकेशायरची भीति खोटी नसेलही. परंतु ज्याच्यावर बोजा पडावयाचा, त्याला त्या सभागृहांत तोंड नव्हतें.

पुढें १९३० सालीं आमच्या गिरण्यांस संरक्षक जकात मिळाली. महाग धोतर घेणारा शेतकरी तरी त्यांच्या शिष्टमंडळांत कोठें होता? पहिल्या गोष्टीस आम्ही वर्गांत जुलूम म्हणत आलों, दुसरीस विजय. तिची किंमत कोणीं भरली, हें मात्र विद्यार्थ्यांस कधीं विचारलें नाहीं.

मागणाऱ्यानें आपल्यापुरतें बोलावें, हें स्वाभाविकच आहे. ऐकणाऱ्यानें मात्र दाराबाहेर राहिलेल्याची बाजू स्वतःच्या मनांत उभी केली पाहिजे. न्याय म्हणतात तो हाच.