आधी रान, मग खोली

इगतपुरीजवळ भावली धरणाच्या आसपास 'इको' लिहिलेल्या रिसॉर्टच्या पाट्या आता पावलोपावली भेटतात. आत कापलेली हिरवळ, निळ्या फरशीचा तरणतलाव आणि शोभेचे ताड. जंगलाशी नातं सांगणारं एवढंच, की खिडकीतून डोंगर दिसतो! नाशिक जिल्ह्यात पावसाचं माप याच पट्ट्यात सर्वांत मोठं, तरी उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो.

कर्नाटकातल्या कोडगूची एक गोष्ट या पार्श्वभूमीवर मुद्दाम सांगावीशी वाटते. 1991 मध्ये अनिल आणि पामेला मल्होत्रा या जोडप्याने तिथली 55 एकर जमीन घेतली. अतिपावसाने कॉफी काय नि दुसरं पीक काय, काहीच धड येत नव्हतं, म्हणून मालकाने ती विकायला काढली होती. पुढे लगतचे मळे जोडत त्यांनी सुमारे 300 एकर जमवले. ती जमीन त्यांनी तिच्या कलाने राहू दिली. देशी झाडं आपसूक वाढू दिली, शिकाऱ्यांना अडवलं. हत्ती तिथून ये-जा करू लागले. पाहुण्यांसाठी त्यांनीही खोल्या ठेवल्या, पण अगदी मोजक्या. आपल्याकडे खोल्या आधी उठतात आणि झाडं नंतर कुंडीतून येतात.

अर्थात, जमीन पडीक ठेवायलाही ऐपत लागते. त्र्यंबकच्या उतारावर नागली-वरई पेरणाऱ्याने रानासाठी वावर सोडावं, असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. त्याच्या ताटातलं कोण भरून देणार? म्हणून मला मल्होत्रांइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, नाशिकमधल्या सातपूरच्या फाशीच्या डोंगराचं कौतुक वाटतं. डोंगर लवकर हिरवे दिसावेत म्हणून राज्यभर गिरिपुष्प हे विदेशी झाड सरसकट लावलं गेलं. फाल्गुनात पानं झडून फांदीफांदीला फिकट गुलाबी फुलं लगडतात, दिसायला देखणंच. पण उंदरांना विषारी म्हणून गावकरी त्याला 'उंदीरमारी' म्हणतात. फाशीच्या डोंगरावर मात्र, वनखात्याच्या जागेवर, 5 जून 2015 रोजी 'आपलं पर्यावरण' संस्थेच्या हाकेला ओ देऊन नाशिककरांनी 11 हजार देशी रोपं लावली. सातबारा कुणाच्या नावावर होणार नव्हता. रोप लावणं हे एका सकाळचं काम. ते पहिल्या उन्हाळ्यातून आणि वणव्यातून जगवणं हे पुढच्या कित्येक वर्षांचं, आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही.

सुट्टीचं बुकिंग करताना आपण नाश्ता फुकट आहे का, हे हमखास विचारतो. त्याच फोनवर आणखी चार प्रश्न विचारता येतील: बोअर किती खोल आहे, सांडपाणी कुठे जातं, पाड्यावरच्या माणसांना काम कोणतं दिलंय, आणि एकूण जागेपैकी किती भाग असा आहे जिथे पाहुण्याला पाऊल टाकता येत नाही.