गुंजेची साक्ष

सोनं तोलायचं ते कशाशी? ज्याच्याशी तोलायचं, त्यावर देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा सारखाच भरवसा हवा. लासुर्ण्याच्या ऊसपट्ट्यात उसाचं बिल जमा झालं की पावलं सराफाकडे वळतात. काचेच्या पेटीतला इलेक्ट्रॉनिक काटा आकडा दाखवतो, आणि व्यवहार पुढे सरकतो. जुन्या सोनाराच्या तराजूत मात्र एका पारड्यात लाल-काळी गुंज असे.

आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याच्या शहाण्णव गुंजा. इंग्रजांनी १८३३ साली तोळा १८० ग्रेनवर पक्का केला. हा तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा, म्हणून गुंज भरते ग्रॅमच्या आठव्या हिश्श्याच्या आसपास. वाळलेल्या गुंजेचं कवच टणक, त्यामुळे वजन सहसा हलत नाही. तरी सगळ्या गुंजा एकसारख्या नसतात. सोनाराला त्या निवडून, एकमेकींशी तोलून ठेवाव्या लागत.

आणि हीच गुंज पश्चिम आफ्रिकेतही सोनं तोलत होती. आजच्या घानातले असांते लोक सोन्याची भुकटी नाण्यासारखी वापरत, आणि त्यांच्या लहान मापांत एक माप या बीचंच होतं. त्याला ते ‘दम्मा’ म्हणत. मोठ्या मापांसाठी पितळेची वजनं असत, मेणाच्या नमुन्यावरून ओतलेली. मागे वळून पाहणारा पक्षी, एकाच पोटाच्या दोन मगरी, अशी रूपं त्यांना दिलेली. कित्येकांमागे एखादी म्हण असे. व्यापाऱ्याचा स्वतःचा संच असे, आणि सौद्यात दोघंही आपापल्या वजनांनी तोलून पाहत.

मला यात फार मोठं शहाणपण दिसतं. पितळी वजन कुणीतरी ओतलेलं असतं, म्हणून ते कुणाच्या तरी बाजूचं होऊ शकतं. १८१७ साली असांत्यांच्या कुमासीला गेलेल्या टॉमस बाउडिच या इंग्रजाने तिथल्या राजाची वजनं इतरांपेक्षा जड असल्याचं नोंदवलं आहे. गुंज मात्र कुणी घडवलेली नाही. निवडणाऱ्याच्या हातात लबाडी असू शकते, बीमध्ये नसते. आणि शंका आली तर गिऱ्हाईकही वेलीवरच्या गुंजा तोडून आणू शकतं.

१९५६च्या कायद्याने दशमान वजनं आली, आणि सराफ्यात तोळा दहा ग्रॅमचा झाला. काट्यावर आता सरकारी पडताळणीचा शिक्का असतो. त्या शिक्क्याची मुदत संपलेली नाही ना, एवढं बघण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे, आणि तो वापरताना संकोच करू नये.